वकट म्हणजे काय रे भाऊ?

वकट. लेंड. मूंड. नाल.

मोठ्याने म्हणून बघा बरं एकदा. कसे ठसक्यात येतात ना तोंडातून! आता सांगा पाहू, यांचा अर्थ काय?

नाही सांगता येत? हरकत नाही. ज्या आजोबांनी लहानपणी हे शब्द रोज वापरले, त्यांनाही तो बहुतेक वेळा सांगता येत नाही. ‘अरे, तसंच म्हणायचं असतं,’ एवढंच उत्तर मिळतं. पण जो शब्द इतक्या मुलांनी इतकी वर्षं जपला, तो उगाच कसा टिकेल? काहीतरी कारण असणारच. चला, आज आपण ते शोधून काढू. हत्यारं फार लागत नाहीत. दोन कान, एक वही, एक पेन्सिल आणि भरपूर चौकसपणा पुरे.

आधी मैदानावर जाऊ

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात निमोणे नावाचं गाव आहे. समजा, उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही तिथे मामाकडे गेला आहात. ज्वारी काढून झाली आहे, रान मोकळं पडलं आहे आणि मामा म्हणतो, ‘ठेव तो मोबाइल, चल विटीदांडू खेळू.’

विटी म्हणजे दोन्ही टोकांना निमुळता तासलेला, वीतभराहून लहान असा लाकडाचा तुकडा. दांडू हातभर लांब. बाभळीचं लाकूड टणक, म्हणून त्याची विटी चांगली टिकते. जमिनीत एक लांबट खळगा करायचा, त्यावर विटी आडवी ठेवायची आणि खालून दांडू घालून ती लांब कोलायची. समोरच्यांनी झेलली तर तुम्ही बाद. नाहीतर पुढे टोला मारायचा. विटीच्या टोकावर दांडू टकदिशी आपटला की ती टुणकन वर उडते. उडालेली विटी खाली पडायच्या आत दुसरा तडाखा, की ती सूं करत लांब!

आता विटी किती लांब गेली ते मोजायचं. पट्टी नाही, टेप नाही. मोजायचं ते दांडूनेच. मामा खळग्यापाशी वाकतो, दांडू जमिनीवर आडवा टाकतो आणि म्हणतो, ‘वकट!’ दांडू पुढे सरकवतो, ‘लेंड!’ आणखी पुढे, ‘मूंड!’ मग ‘नाल!’ कितीतरी गावांत मोजणी ज्या शब्दावर संपेल त्यावर पुढचा टोला कसा मारायचा हे ठरतं. विटी पायाच्या पंजावर ठेवून मारायची, की मुठीवर ठेवून, की बोटांच्या बेचक्यात धरून, हे तो शब्द सांगतो. म्हणून मुलांना ही ओळ अगदी पाठ असते. चुकली तर भांडण!

सापळ्यात पाय घालू नका

आता अर्थ शोधायचा. बहुतेक जण काय करतात? एकेक शब्द उचलतात आणि तो कशासारखा दिसतो ते बघतात.

‘वकट’ हा ‘वाकडं’सारखा वाटतो. मग वाकडी पडलेली विटी का? ‘लेंड’ ऐकून शेळीच्या लेंड्या आठवतात आणि सगळे खो खो हसतात. ‘मूंड’ म्हणजे मुंडी असणार. आणि ‘नाल’ तर काय, घोड्याच्या खुराला ठोकतात ती नाल!

झाली का उत्तरं? चार शब्द, चार अर्थ. पण जरा एकत्र ठेवून बघा: वाकडं, लेंडी, मुंडी, घोड्याची नाल. याचा विटीदांडूशी काय संबंध? काहीच नाही. प्रत्येक उत्तर वेगवेगळं बघितलं तर बरं वाटतं, एकत्र ठेवलं की डोलारा कोसळतो. ओळखीचा चेहरा दिसला की आपलं मन लगेच धावतं, आणि भाषेचा अभ्यास करणारी मोठी माणसंसुद्धा यात फसतात. म्हणून आपल्या तपासाचा पहिला नियम असा: एकट्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही. त्याची सगळी भावंडं एका ओळीत उभी करायची आणि सगळ्यांना लागू पडेल असंच उत्तर शोधायचं.

नुसतं बघा, काय दिसतं?

अर्थ विसरून जाऊ. मामा मोजत असताना नुसतं नीट बघू. काय काय दिसतं?

एक, या शब्दांचा क्रम कधी बदलत नाही. ‘लेंड’ कधीच ‘वकट’च्या आधी येत नाही.

दोन, दांडू एकदा टाकला की एकच शब्द. एका दांडूला दोन शब्द नाहीत आणि दोन दांडूंना मिळून एक शब्द नाही.

तीन, हे शब्द खेळाबाहेर कुणी वापरत नाही. मामा दुकानात जाऊन ‘मूंड किलो साखर द्या’ म्हणत नाही.

ठरलेला क्रम, आणि एका वस्तूला एक शब्द. असं आपण आणखी कुठे करतो? मोजताना! म्हणजे हे शब्द आकडे असणार. बघा, अजून एकही शब्दकोश उघडलेला नाही, कुणाला विचारलेलं नाही, तरी अर्धं कोडं सुटलं. शब्दाचा अर्थ पुष्कळदा शब्दात सापडत नाही, तो म्हणताना माणसं काय करतात त्यात सापडतो.

पण मराठीत तर आपण एक, दोन, तीन, चार म्हणतो. मग हे कुणाचे आकडे?

शेजाऱ्यांची दारं ठोठावू

चला, आजूबाजूच्या भाषांना विचारू. वहीत असा तक्ता करा.

हिंदी: एक, दो, तीन, चार.
गुजराती: एक, बे, त्रण, चार.
कन्नड: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु.
तमिळ (रोजच्या बोलण्यातली): ओण्णु, रेंडु, मूणु, नालु.
तेलुगू: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु.

आणि खाली आपली ओळ: वकट, लेंड, मूंड, नाल.

आता बोट ठेवून एकेक ओळ तपासा. हिंदी आणि गुजराती पहिल्याच फेरीत बाद. कन्नड आपली सख्खी शेजारीण, पण ‘ओंदु’ आणि ‘वकट’ जुळत नाहीत, ‘एरडु’ आणि ‘लेंड’सुद्धा लांबच राहतात. तमिळमध्ये ‘रेंडु’ छान जुळतं, ‘नालु’ तर झकास. पण ‘ओण्णु’? त्यात ‘क’ही नाही आणि ‘ट’ही नाही. उरली तेलुगू. ओकटि आणि वकट, रेंडु आणि लेंड, मूडु आणि मूंड, नालुगु आणि नाल. चारही जागी जोड्या लागतात.

म्हणजे निमोण्याच्या रानात मामा दांडू टाकत तेलुगूत मोजत होता! एक, दोन, तीन, चार. त्याला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं.

थांबा, जुळतं म्हणजे नक्की किती जुळतं?

तुमच्यातला एखादा हुशार वाचक म्हणेल, ‘पण ओकटि आणि वकट सारखे कुठे आहेत? फरक आहे की!’ अगदी बरोबर. तपासनिसाने असंच अडून बसायला हवं. फरक आहे, तर त्याचं कारणही सापडायला हवं. आणि ते कारण याच एका शब्दासाठी बनवलेलं नको, इतर शब्दांनाही लागू पडलं पाहिजे.

पहिला फरक: ‘ओ’चा ‘व’ कसा झाला? शिरूरच्या बाजूला कुठल्याही गावात म्हाताऱ्या माणसांचं बोलणं ऐका. ओढ्याला ‘वढा’ म्हणतात. ओळख म्हणजे ‘वळख’. ओट्यावर बसायचं तर ‘वट्यावर’. सुरुवातीच्या ‘ओ’चा ‘व’ करणं ही आपल्या बोलीची रोजची सवय आहे. मग ‘ओकटि’ आला तर त्याचा ‘वकट’ होणारच.

दुसरा फरक: शेवटचे ‘इ’ आणि ‘उ’ कुठे गेले? ते मराठीने वाटेत गाळले. संस्कृतातल्या ‘रात्रि’ची आपण ‘रात’ केली, ‘मधु’चा ‘मध’ केला. तसंच ओकटिचं वकट आणि रेंडुचं रेंड. नालुगुचं तर सबंध शेपूटच गेलं, कारण घाईघाईने मोजताना लांब शब्द परवडत नाही.

तिसरा फरक: ‘र’चा ‘ल’ कसा? ‘र’ आणि ‘ल’ म्हणताना जीभ तोंडात जवळजवळ एकाच जागी जाते, म्हणून हे दोघे जागा बदलत राहतात. संस्कृतात चाळीसला ‘चत्वारिंशत्’ म्हणतात. त्यातल्या ‘र’चा आपल्या ‘चाळीस’मध्ये ‘ळ’ झाला. ‘हरिद्रा’ची ‘हळद’ झाली तीही अशीच. आणि घरात दोन वर्षांचं बाळ असेल तर ‘रिक्षा’ म्हणायला सांगून बघा. ‘लिक्षा’ ऐकू येईल! काही गावांत आजही ‘लेंड’ऐवजी ‘रेंड’च म्हणतात. म्हणजे जुनं रूप आणि नवं रूप, दोन्ही हाताशी आहेत.

चौथा फरक सगळ्यात मजेदार. आजच्या तेलुगूत तीनला ‘मूडु’ म्हणतात, अनुस्वार नाही. मग आपल्या ‘मूंड’मध्ये तो नाकातला आवाज कुठून आला? जुन्या तेलुगू लिखाणात हा शब्द ‘मूँडु’ असा लिहिलेला सापडतो. मधल्या त्या नाकातल्या आवाजासाठी तेलुगू लिपीत एक खास खूण आहे. तिचं नाव ‘अरसुन्ना’, म्हणजे अर्धं शून्य. तमिळमधल्या ‘मूणु’तही नाकातला आवाज आहेच. म्हणजे हा आवाज या शब्दाच्या घराण्यात जुना आहे. आजच्या तेलुगू बोलण्यातून तो गेला आणि आपल्या विटीदांडूत तो ऐकू येतो! अर्थात आणखीही एक शक्यता आहे. शेजारच्या ‘लेंड’च्या नादाने ‘मूंड’मध्ये अनुस्वार शिरला असेल. दोन्ही शक्यता वहीत लिहून ठेवायच्या. जी आवडली ती ठेवली आणि दुसरी खोडली, असं तपासात करायचं नसतं.

योगायोग तर नाही ना?

आणखी एक शंका घेऊ. दोन भाषांतले शब्द कधी कधी उगाचच सारखे निघतात. इंग्रजीत वाईटाला ‘बॅड’ म्हणतात. फारसीत वाईटाला ‘बद’ म्हणतात. आपण ‘बदनाम’, ‘बदफैली’ म्हणतो त्यातला हा ‘बद’. आवाज जवळजवळ एकच, अर्थ एकच, आणि तरीही या दोन शब्दांचं एकमेकांशी काहीही नातं नाही. निव्वळ योगायोग.

मग वकट-ओकटि हाही योगायोग असेल का? एकच जोडी असती तर मीही गप्प बसलो असतो. पण इथे चार जोड्या आहेत, आणि त्या नेमक्या क्रमाने आहेत. चार शब्द किती वेगवेगळ्या क्रमांनी मांडता येतात? ४ × ३ × २ × १ = २४. त्या २४ मधला एकच क्रम तेलुगूशी जुळतो आणि मुलं तोच म्हणतात. शिवाय चारही शब्द मोजायच्याच कामाला लागलेले. आवाज, क्रम आणि काम अशा तीन साक्षी एकाच बाजूने बोलू लागल्या की योगायोगाला जागा फार थोडी उरते.

चांगल्या तर्काची आणखी एक खूण असते. तो न पाहिलेल्या गोष्टीबद्दलही अंदाज सांगतो. आपला तर्क खरा असेल तर ‘नाल’च्या पुढेही तेलुगू आकडे सापडायला हवेत. तेलुगूत पाचला ‘ऐदु’ आणि सहाला ‘आरु’ म्हणतात. आणि खरंच, काही ठिकाणच्या ओळीत पुढे ‘आर’ येतो! पण ‘नाल’नंतरचे शब्द गावागणिक बदलतात. मधला एखादा शब्द गळाला की मागचे सगळे एकेक घर पुढे सरकतात. म्हणून नोंद करताना नुसता शब्द लिहू नका, तो कितव्या जागी येतो तेही लिहा.

पण तेलुगू इथे आली कशी?

शिरूर गाव घोड नदीच्या काठी आहे. जुनी माणसं गावाला अजून ‘घोडनदी’च म्हणतात. याच तालुक्यात चिंचणीला घोडवर धरण आहे. घोडचं पाणी भीमेला मिळतं. भीमा पंढरपूरवरून पुढे कर्नाटकात जाते आणि रायचूरजवळ कृष्णेला मिळते. कृष्णा मग तेलंगण आणि आंध्र प्रदेशातून समुद्राला जाते. म्हणजे शिरूरचं पाणी तेलुगू मुलुखात जातं. शब्द मात्र तिकडून इकडे आले.

शब्दांना पाय नसतात, ते माणसांबरोबर येतात. सोलापूरला पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या पद्मशाली विणकरांच्या घरी तेलुगू बोलतात. दगड फोडणाऱ्या, विहिरी खोदणाऱ्या वडार समाजाची घरची बोलीही तेलुगूच्या जवळची आहे. मुंबईतलं कामाठीपुरा हे नाव तेलंगणातून आलेल्या कामाठी कामगारांवरून पडलं. मराठवाडा आणि तेलंगण तर १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. मोठी माणसं एकत्र राबली की त्यांची मुलं एकत्र खेळणारच. आणि खेळायला भाषा यावी लागते थोडीच? दांडू टाकायचा आणि दुसरा म्हणेल तसं म्हणायचं.

आणखी मागे गेलं तरी हाच शेजार दिसतो. पैठणच्या सातवाहन राजांची काही चांदीची नाणी सापडली आहेत. त्यांवर एका बाजूला राजाचा चेहरा आणि प्राकृत भाषेतली अक्षरं आहेत, तर दुसऱ्या बाजूला तोच मजकूर दक्षिणेकडच्या द्राविडी भाषेत आहे. ही नाणी सुमारे अठराशे वर्षांपूर्वीची. तुम्ही घरात ‘अक्का’, ‘अण्णा’ म्हणता ना? ते शब्दही दक्षिणेकडचेच. इतकंच काय, ‘शिरूर’ नावाच्या शेवटी जो ‘ऊर’ आहे तो पाहा. तमिळमध्ये गावाला ‘ऊर’ म्हणतात, कन्नड आणि तेलुगूत ‘ऊरु’. नेल्लूर, बंगळूरु या नावांत तो बसलेला आहे. आपल्या शिरूरचंही त्याच्याशी नातं असावं. तुमच्या तालुक्यातल्या गावांची नावं एकदा अशा नजरेने वाचून बघा.

विश्वनाथ खैरे नावाचे एक अभियंते होते. त्यांना अशा शब्दांचं वेड होतं. बाळाला खेळवताना म्हणायचे शब्द, ज्यांना सगळे ‘निरर्थक’ म्हणून सोडून देतात, तेच त्यांनी हातात घेतले आणि तमिळच्या मदतीने त्यांचा अर्थ लावायचा प्रयत्न केला. त्यांच्या एका पुस्तकाचं नावच ‘अडगुलं मडगुलं’ आहे! त्यांची काही उत्तरं पटली, काहींवर वाद झाले. तसं व्हायलाच हवं. पण कुणी विचारतच नव्हतं तिथे त्यांनी प्रश्न विचारला, हे किती महत्त्वाचं!

मुलांनी जपलेलं

मोठ्यांनी ते आकडे कधीच वापरायचे सोडले, मग मुलांनी का जपले? कारण खेळ मोठी माणसं शिकवत नाहीत. दहा वर्षांची ताई सहा वर्षांच्या भावाला शिकवते. चार वर्षांनी तो दहाचा होतो आणि दुसऱ्या सहा वर्षांच्या मुलाला शिकवतो. या हिशेबाने शंभर वर्षांत २५ वेळा ही ओळ एका हातातून दुसऱ्या हातात जाते. आणि लहान मुलं नियमांच्या बाबतीत फार कडक! ‘असं नाही, असंच म्हणायचं,’ म्हणून तुम्ही किती वेळा भांडला आहात आठवा.

इंग्लंडमधल्या आयोना आणि पीटर ओपी या नवराबायकोने शाळकरी मुलांचे खेळ, गाणी आणि शब्द वर्षानुवर्षं गोळा केले आणि १९५९ साली त्यांचं मोठं पुस्तक काढलं. मुलांचं हे ज्ञान मुलांकडूनच मुलांकडे जातं, हे त्यांनी दाखवून दिलं.

त्याच इंग्लंडच्या उत्तरेला डोंगराळ भागात आपल्या वकट-लेंडचा जुळा भाऊ राहतो. तिथले मेंढपाळ मेंढ्या मोजताना म्हणत: यान, टान, टेथेरा, मेथेरा, पिंप. दहाला ‘डिक’ आणि पंधराला ‘बंफिट’! इंग्रजीत तर वन, टू, थ्री म्हणतात, मग हे काय? उत्तर शेजारच्या वेल्श भाषेत सापडतं. वेल्शमध्ये पाचचा उच्चार ‘पिंप’, दहा म्हणजे ‘देग’ आणि पंधरा म्हणजे ‘पम्थेग’. मेंढपाळांच्या ओळीत पाचपुढचे काही शब्द मात्र वेल्शशी जुळत नाहीत. ते ‘सेथेरा, लेथेरा’, ‘होवेरा, डोवेरा’ असे जोडीजोडीने आहेत. म्हणताना यमक छान बसावं म्हणून ते वाकले. आपल्या ‘लेंड, मूंड’मध्येही असंच थोडं घडलं असेल, ही शंका मघाशी आपण घेतलीच होती.

मग सगळ्याच शब्दांना अर्थ असतो का?

नाही हं. काही शब्द खरोखरच कुणीतरी बसून बनवलेले असतात. पण त्यांच्यातही गंमत आहे.

१९५८ साली जीन बर्को या अमेरिकन संशोधक बाईंनी एका काल्पनिक प्राण्याचं चित्र काढलं आणि त्याला ‘वग’ नाव दिलं. लहान मुलांना चित्र दाखवून त्या म्हणाल्या, ‘हा वग. आता इथे आणखी एक आला. आता हे दोन...?’ मुलं म्हणाली, ‘वग्ज!’ हा शब्द त्यांनी जन्मात ऐकला नव्हता, तरी अनेकवचन बरोबर.

मराठीत करून बघू? हा एक गोंबा. आता इथे दोन...? ही एक झिपुली. आता या दोन...? हे एक टुळकं. आता ही दोन...?

गोंबे, झिपुल्या, टुळकी. आलं ना? कुणी शिकवलं? कुणीच नाही. व्याकरण तुमच्या डोक्यात आधीपासून आहे. आता हे वाक्य वाचा: ‘झिपुलीने गोंब्याला टुळक्यात गडबुकलं.’ काय झालं ते नक्की सांगता येत नाही, पण कुणी केलं, कुणाला केलं आणि कुठे केलं, हे तुम्ही झटकन सांगाल. ‘ने’, ‘ला’ आणि ‘त’ या चिमुकल्या प्रत्ययांनी अर्ध्या अर्थाचं ओझं उचललं.

दुसरा प्रयोग आवाजाचा. कागदावर दोन आकार काढा. एक काटेरी, टोकाटोकांचा. दुसरा गुबगुबीत, गोलगोल. एकाचं नाव ‘किकी’ आणि एकाचं ‘बूबा’. कोणतं कुणाचं? बहुतेक सगळे काटेरी आकाराला किकी म्हणतात. वोल्फगांग कोलर या शास्त्रज्ञांनी १९२९ साली अशाच दोन बनावट शब्दांबद्दल लिहिलं होतं. पुढे २००१ साली व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी किकी-बूबाचा प्रयोग अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर आणि भारतातल्या तमिळ बोलणाऱ्यांवर केला, तेव्हा १०० पैकी ९५ हून जास्त जणांनी एकच उत्तर दिलं. ‘क’ म्हणताना जीभ झटक्यात सुटते, ‘ब’ म्हणताना ओठ मिटतात आणि ‘ऊ’ म्हणताना ते गोल होतात. अर्थ नसलेल्या शब्दातही असा आकार लपलेला असतो.

आता तुमची पाळी

एक वही करा. पानावर पाच रकाने आखा: शब्द, कोण म्हणालं आणि कोणत्या गावचं, कोणत्या खेळात, कितव्या जागी, आणि तो म्हणताना हाताने काय केलं. विटीदांडू झाला की लगोऱ्या, गोट्या, सागरगोटे, भोवरा, सूरपाट्या अशा सगळ्या खेळांतले विचित्र शब्द टिपा. राज्य कुणावर हे ठरवताना काय म्हणतात तेही टिपा. शब्द ऐकू येईल तसाच लिहा, ‘शुद्ध’ करायला जाऊ नका. आपल्या तपासात ‘रेंड’ आणि ‘लेंड’ हा फरकच किती कामाला आला, पाहिलंत ना? वर्गात तेलुगू, कन्नड किंवा वैदू, वडार, कैकाडी अशी वेगळी बोली घरी बोलणारा मित्र असेल तर त्याला आधी गाठा. त्याच्या आजीला जे सहज ठाऊक असेल ते मोठ्या शब्दकोशात सापडेलच असं नाही. मग दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ उघडा. १९३२ ते १९३८ या काळात निघालेले त्याचे सात खंड मोठ्या वाचनालयात मिळतील.

आणि हे लवकर करा. ज्या मैदानांवर आता विटीदांडू दिसत नाही, तिथल्या ओळी फक्त आजीआजोबांच्या डोक्यात उरल्या आहेत.

त्यांना विचारताना मात्र ‘आजोबा, वकट म्हणजे काय?’ असं विचारू नका. ‘तसंच म्हणायचं असतं’ हेच उत्तर येईल. त्यापेक्षा त्यांच्या हातात दांडू द्या, विटी लांब टाका आणि म्हणा, ‘आजोबा, किती लांब गेली ते मोजून दाखवा ना!’